वीरूमामाचे विलायती मार्ग

॥ श्री ॥

गोखले रोड, दादर
७ एप्रिल २०२४

चि. सुरुचीस वीरूमामाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू परवा फोनवर जे बोललीस ते मी ऐकलं, म्हणजे तुझ्या मामीने ऐकलं आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. फोन एकदा तिच्या हातात गेला की परत येत नाही, आणि आला तरी कानातल्या यंत्रामुळे मला नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणून हे पत्र. शिवाय सोबतचा कागद फोनमधून येण्यासारखा नाही.

विषय सायकलीचा. जानेवारीत तू हॉस्पिटलच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडून जुनी सायकल घेतलीस आणि ती तेव्हापासून घरामागच्या शेडमध्ये उभी आहे, असं कळलं. कारण काय, तर जायचं कुठे ते कळत नाही. मोठ्या रस्त्यावर ट्रक, लहान रस्त्याला पाच फाटे, आणि झाडीत शिरलं की फोनला रेंज नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी तू वेनफर्डमध्ये दार लावून आपल्या इथल्या मालिका बघतेस. हे मला मान्य नाही. मालिका बघायला इथे तुझी मामी पुरेशी आहे. सप्टेंबरात तुझा दोन वर्षांचा करार संपेल, तू घरी येशील आणि लोक विचारतील, इंग्लंडात काय पाहिलंस? तेव्हा काय सांगणार?

बेस्टच्या वेळापत्रक विभागात माझी चौतीस वर्षं गेली. कुठली बस कुठून निघेल, कुठे वळेल, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहील, हे मी ठरवत असे. नायगावच्या गल्लीतून मी दुमजली गाडी वळवून दाखवलेली आहे. कागदावर. तेव्हा एका भाचीला एका सायकलवरून चौदा मैल फिरवून घरी आणणं मला जड नाही.

नकाशाचा प्रश्न गुणाजीने सोडवला. आमच्या खात्यातला ड्रायव्हर, काळाचौकीचा, तुला आठवत असेल. तुला शाळेत असताना स्टिअरिंगवर बसवायचा तोच. आता तो पुतण्याच्या रद्दीच्या दुकानात बसतो. पारशी कॉलनीतलं एक घर रिकामं झालं, त्या रद्दीत श्रॉपशायरचा नकाशा निघाला. कापडावर चिकटवलेला, एक इंचाला एक मैल, आणि तुझं वेनफर्ड बरोब्बर मधोमध. खालची किनार उंदरांनी नेली आहे, बाकी माल अस्सल.

मार्ग क्रमांक एक सोबत जोडला आहे. सकाळी नऊला प्रस्थान. रेल्वेलाइनच्या आसपास अजिबात फिरकायचं नाही, गाडी केव्हा येईल सांगता येत नाही. म्हणून तुला लाइनपासून दूर, उजवीकडच्या मोकळ्या भागातून नेलं आहे. तिथे तपकिरी नागमोडी रेघा दिसतील, त्या शेतांच्या बांधांच्या असाव्यात. ११.१० ला हॅझलकोट स्टेशन. तिथे कँटीनमध्ये चहा, पंधरा मिनिटं. स्टेशन म्हटलं की चहा असणारच.

बाकी क्षेम. लोभ आहे तो वेळेवर धावत राहावा.

तुझा,
वीरूमामा

ता. क. पाकीट मी चिकटवतेय म्हणून दोन ओळी. ह्यांना स्वतःला सायकल येत नाही हे विसरू नकोस. शिकताना माहीमच्या बाजारात कोळणीच्या टोपलीत पडले ते पुन्हा चढले नाहीत. तेव्हा त्या कागदावर किती भरवसा ठेवायचा ते तुझं तू ठरव. संबार मसाला वेगळा पाठवतेय. – यशोदामामी

*

वेनफर्ड, श्रॉपशायर
२८ एप्रिल २०२४

ती. वीरूमामास सुरुचीचा सा. न. वि. वि.

तुझा मार्ग क्रमांक एक काल धावला. प्रस्थान ९.०३. हॅझलकोटला पोचायची वेळ तू ११.१० दिली होतीस, मी १२.३५ ला पोचले. उशिराचं कारण खालीलप्रमाणे.

मामा, त्या तपकिरी रेघा बांधांच्या नाहीत. त्या उंचीच्या आहेत. एक रेघ चढलं की पन्नास फूट वर. जिथे त्या जवळजवळ येतात तिथे खडा चढ असतो, आणि तू मला जिथून नेलंस तिथे त्या इतक्या दाटीने आहेत की तुला एकच जाड रेघ वाटली असेल. मी सायकल चालवली कमी आणि ढकलली जास्त. अर्ध्या चढावर एक मेंढी माझ्या बरोबरीने चालायला लागली. थोड्या वेळाने ती पुढे गेली.

पण वर पोचल्यावर पाच मिनिटं मी सायकल धरून उभीच राहिले. आधी दम लागला म्हणून आणि मग समोर बघून. खाली पिवळीधमक शेतं, मध्ये झुडपांच्या कुंपणांनी आखलेले चौकोन, एक लहानसं चर्च, आणि कुठूनतरी कोंबडा आरवतोय. दीड वर्ष मी इथे राहते आणि हे सगळं माझ्या घरापासून पाच मैलांवर होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

हॅझलकोट स्टेशन फार शांत आहे. मी होते तेवढ्या वेळात एकही गाडी आली नाही. फलाटावर ट्युलिप लावलेत. कँटीनच्या मार्गरेटबाई सत्तरीच्या आहेत, अगत्य विचारू नकोस. किटलीभर चहा, लिंबाचा केक, आणि निघताना हातात रुबार्ब म्हणून आंबट भाजी असते तिच्या काड्या. इतका चांगला चहा मला अख्ख्या देशात कुठे मिळाला नव्हता.

मार्ग क्रमांक दोन पाठव. रेघा मोजून पाठव. मामीला नमस्कार, आणि तिच्या ता. क.लाही.

तुझी पाय दुखणारी,
सुरुची

*

वेनफर्ड
२८ एप्रिल २०२४

ती. यशोदामामीस सा. न.

हे पत्र मुद्दाम तळमजल्यावरच्या मेघनाच्या पत्त्यावर धाडतेय. वाचून झालं की तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेव, मामा तिथे हात घालत नाही.

मामाला लिहिलंय त्यात खोटं काही नाही, फक्त अर्धं आहे. हॅझलकोटला स्टेशन नाही. म्हणजे इमारत आहे, फलाटसुद्धा आहे, पण ते आता घर आहे. मी दार वाजवलं. मातीने भरलेले हातमोजे घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. धापा टाकत मी त्यांना सांगितलं की दादरच्या माझ्या मामाच्या वेळापत्रकाप्रमाणे ११.१० ला इथल्या कँटीनमध्ये माझा चहा आहे. त्यांनी मामाचा कागद घेतला, नीट वाचला, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या की इथून शेवटची गाडी १९६३ साली सुटली, कँटीन कधी होतं की नाही देव जाणे, पण पाणी आताच उकळलंय. मग त्या हसत हसत फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि मीही बसले. मार्गरेट नाव. शाळेत लॅटिन शिकवायच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांनी आपला नकाशा आणून मामाच्या मार्गाशेजारी ठेवला. मामी, गुणाजीकाकांनी दिलेला नकाशा साठ वर्षांहून जुना आहे. मामा चड्डीत शाळेत जात होता तेव्हाचा. आणि ज्या रेल्वेपासून मला वाचवायला मामाने डोंगरावर चढवलं, तिचे रूळ कधीच उखडलेत. तिथे आता सायकलचा रस्ता आहे. सपाट, सावलीचा, माझ्या घरामागूनच जातो. माथ्यावर मी सायकलला लटकून उभी होते तेव्हा खाली पोरंटोरं, आजीआजोबा, एक कुत्र्याला टोपलीत बसवलेली बाई, सगळे आरामात त्यावरून चालले होते.

आता मामाला सांगू की नको? तू म्हणशील तसं.

तुझी,
सुरुची

*

दादर
१२ मे २०२४

चि. सुरुचीस आशीर्वाद.

पत्र मेघनाने भाजीच्या पिशवीतून वर आणलं. वाचताना मी इतकी हसले की ह्यांनी विचारलं काय झालं. मालिकेतली सासू जिन्यावरून पडली म्हटलं.

सांगू नकोस. आधी तुला इथलं सांगते. रिटायर झाल्यावर पहिली दोन वर्षं हे गॅलरीत बसून खालच्या बसगाड्या मोजायचे. किती वाजता आली, किती मिनिटं उशीर, डायरीत लिहायचे. मला कटकट वाटायची. मग एक दिवस डायरी मिटली आणि नुसतेच बसायला लागले. जेवायला हाक मारली की यायचे, ताट ठेवलं की खायचे. मीठ विसरले तरी बोलायचे नाहीत. सुरुची, ह्या माणसाने मीठ नसताना गप्प बसायचं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. फोनवर तुला हे कधी बोलले नाही, कारण हे समोरच बसलेले असतात.

तुझी सायकल निघाली आणि घरात ट्रेसिंग पेपर आला, सहा पेन्सिली आल्या. गुणाजी आठवड्यातून तीनदा काळाचौकीहून येतो आणि दोघं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून भांडतात. हे म्हणतात वळण घेता येईल, तो म्हणतो चालवून बघा मग कळेल. मी चार वेळा चहा करते आणि एकदाही कुरकुर केलेली नाही. काल कोबीच्या भानोल्यात मीठ कमी म्हणाले. इतकं बरं वाटलं!

सप्टेंबरात तू येतेसच. तोवर चालू दे. मागची खोली रंगवून घेतली, पिस्ता रंग. तुला आवडणार नाही माहीत आहे, पण रंगाऱ्याकडे तोच होता.

माया आहे, ती डाळीच्या डब्यापुरती ठेवू नकोस.

मामी

*

॥ श्री ॥

दादर
९ जून २०२४

चि. सुरुचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. मार्ग क्रमांक दोन व तीनचे अहवाल मिळाले. तपकिरी रेघांबाबत झालेली चूक या कार्यालयाने मान्य केली आहे. गुणाजी म्हणाला की कागदावर मार्ग काढणाऱ्यांना चढ दिसत नाही, हे तो नोकरीला लागल्यापासून ओरडत होता, पण ऐकायला लंडनहून पत्र यावं लागलं. लंडन नाही, श्रॉपशायर, असं मी त्याला सांगितलं. यापुढे प्रत्येक मार्ग त्याच्या हाताखालून जाईल. चढ आला की तो टेबलाखाली पाय दाबून बघतो.

मार्गरेटबाई आणि त्यांच्या ओळखीची चार पेन्शनर मंडळी आता दर मंगळवारी तुझ्याबरोबर येतात आणि या मार्गांना ‘धैर्यवान रूट्स’ म्हणतात, हे वाचून तुझ्या मामीने ते मोठ्याने तीनदा वाचायला लावलं. आमचं आडनाव बसच्या पाटीवर कधी लागलं नाही, ते तिकडे लागलं. तुला मंगळवारची सुट्टी मिळते हे बरं आहे. मात्र एक शंका. मार्गरेटबाई मंगळवारी सायकलवर असतात, तेव्हा कँटीन कोण बघतं? तिकडच्या रेल्वेचा कारभार इतका ढिला असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या मार्गावरची गिरणी बंद आहे आणि तिथे आता कुणीतरी मातीची भांडी करतं, असं तू लिहिलंस. गिरण्यांचं सगळीकडे सारखंच, असं गुणाजी म्हणाला. त्याच्या वडिलांची गिरणी लालबागची.

आता मार्ग क्रमांक चार. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर मार्ग आहे हे मी नम्रपणे सांगतो. एकोणीस मैल, चढ फक्त दोन. लोडर्स एंड नावाच्या गावी सेव्हर्न नदी लागते. नकाशावर स्वच्छ अक्षरात ‘फेरी’ छापलं आहे. म्हणजे भाऊच्या धक्क्यासारखी लाँच असणार. पलीकडे उतरून सफरचंदांच्या बागांमधून परत. पाणी ओलांडायला आठ मिनिटं धरली आहेत. गुणाजी कोकणातला असल्याने होडीच्या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण. त्याने सांगितलं आहे की सायकल चढवताना पुढचं चाक आधी, आणि नावाड्याशी वाद घालायचा नाही.

तब्येतीस जप. आमचा लोभ मागल्या फेरीपेक्षा एक थांबा पुढेच आहे.

तुझा,
वीरूमामा

*

वेनफर्ड
७ जुलै २०२४

ती. वीरूमामास सा. न. वि. वि.

मार्ग क्रमांक चार पार पडला. ‘पार पडला’ हे मी विचार करून लिहितेय.

लोडर्स एंडपर्यंतचा रस्ता खरंच सुंदर. दोन्ही बाजूंनी उंच झुडपं, त्यांत रानगुलाब, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही सहाही जण सायकलींसकट कुंपणात शिरलो आणि ड्रायव्हरला रांगेने गुड मॉर्निंग म्हणालो.

होडी आम्हाला वाटली त्यापेक्षा लहान होती. नावाडी कॉलिन म्हणून आहेत, पूर्वी दातांचे डॉक्टर होते, स्वभावाने फार शांत. पहिल्या फेरीला मी आणि मार्गरेटबाई निघालो. गुणाजीकाकांना सांग की पुढचं चाक आधी चढवलं. नावाड्याशी वादही घातला नाही, तसा वेळच मिळाला नाही. पलीकडचा काठ यायच्या थोडं आधी आम्ही उतरलो. पाणी स्वच्छ आहे, जुलैच्या मानाने गार. एक सायकल आमच्याबरोबर आली, दुसरी मागाहून.

तू नदीला आठ मिनिटं दिली होतीस, आम्हाला एक तास वीस मिनिटं लागली. त्यात कपडे वाळवणं धरलंय. बाकीच्या चौघांनी पुलावरून यायचं ठरवलं. सफरचंदांच्या बागेत बसून आम्ही मामीच्या संबार मसाल्याचे बटाटे खाल्ले. मार्गरेटबाई म्हणाल्या की इतका छान दिवस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मामा, मीही नाही.

अंगात थोडी कणकण आहे, काळजी नसावी. प्रेम आहे तसंच ठेव, मार्गात बदल झाला तरी.

सुरुची

*

दादर
४ ऑगस्ट २०२४

सुरुचीस आशीर्वाद.

मार्गरेटबाईंनी परस्पर मला लिहिलेलं पत्र काल पोचलं. सोबत तिथल्या वर्तमानपत्राचं कात्रण आहे. मथळ्यात म्हटलं आहे की लोडर्स एंडची फेरी बंद पडून त्रेसष्ट वर्षं झाली, ती एका दिवसासाठी पुन्हा सुरू झाली आणि बुडाली. फोटोत तू छातीभर पाण्यात उभी आहेस आणि सायकल डोक्यावर धरली आहेस. मार्गरेटबाईंनी मोठ्या प्रेमाने लिहिलं आहे की भाचीच्या मामाचा मार्ग मोडू नये म्हणून शेजाऱ्याची होडी मागून आणायची कल्पना त्यांची, आणि माझ्या ‘अँटीक’ नकाशावरून फिरण्यात जी मजा आहे ती कशातच नाही. अँटीक म्हणजे काय ते मला शब्दकोशात बघावं लागलं नाही.

त्यानंतर मी भिंग घेऊन बसलो. स्टेशन, कँटीन, गिरणी, रेल्वे, सगळं लक्षात आलं. तुझ्या मामीला विचारलं. ती उठली आणि डाळीचा डबा आणून समोर ठेवला.

चौतीस वर्षांत नसलेल्या थांब्यावर मी एकही गाडी पाठवली नव्हती. आता सख्ख्या बहिणीच्या मुलीला नसलेल्या होडीत बसवलं. तुझी आई जाताना तुला माझ्या हाती देऊन गेली, ती नदीत सोडायला नव्हे. काही बरंवाईट झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

दुसरी गोष्ट. मी म्हातारा झालो, बहिरा झालो, पण रडू नये म्हणून हातात खुळखुळा द्यावा इतका लहान झालेलो नाही. तुम्ही दोघींनी, आणि त्या परक्या बाईनेसुद्धा, तेच केलंत.

मार्ग क्रमांक एक ते चार रद्द करण्यात येत आहेत. पाचवा आखलेला होता, तो फाडला.

वीरेंद्र धैर्यवान

ता. क. दाराशी आलेल्या गुणाजीला ह्यांनी परत पाठवलं. पेन्सिली माळ्यावर गेल्या. डबा मीच काढून दिला, किती दिवस लपवणार होते? चूक माझी, तुला मीच गप्प बसवलं. दोन दिवस जेवणात मीठ घालत नाहीये, बघते काही बोलतात का. – मामी

*

वेनफर्ड
१८ ऑगस्ट २०२४

ती. वीरूमामास सुरुचीचा साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर वाकून.

तुझं पत्र आलं तेव्हा सहीच्या जागी आख्खं नाव वाचून मी जिन्यात बसले. माफी मागते. खोटं बोलले नाही, पण तुला अर्धंच सांगत राहिले, आणि ते खोट्यापेक्षा बरं नाही. होडीबद्दल म्हणशील तर नदी तिथे कमरेइतकी होती. छातीपर्यंत आली कारण मी खड्ड्यात उभी राहिले.

आता पूर्ण सांगते. मार्चमध्ये मी राजीनामा लिहून ठेवला होता. सप्टेंबरपर्यंतसुद्धा थांबायचं नव्हतं. इथे कुणी वाईट नाही, पण लॅबमधून घरी यायचं, कुलूप काढायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असं दीड वर्ष चाललं होतं. कधी कधी दुकानात गरज नसताना बटाट्याचा भाव विचारायचे, आवाज ऐकायला म्हणून. तुम्हाला फोनवर सगळं छान म्हणून सांगायचे. म्हणजे अर्धं सांगायची सवय मला आधीपासूनच आहे.

पहिला मार्ग मी तुझ्या समाधानासाठी धावले, हे खरं. दुसराही, थोडाफार. तिसऱ्या मार्गापासून मात्र मंगळवारची वाट मी बघत होते. मामा, सपाट सायकलरस्ता घरामागून जातो. नवा नकाशा असता तर मी त्यावरून गेले असते, एक तासात परत आले असते आणि पुन्हा दार लावून बसले असते. तिथे लोक हात हलवतात आणि पुढे जातात. तू मला चुकीच्या डोंगरावर चढवलंस म्हणून मी एका अनोळखी दारावर चहा मागितला. शुद्धीवर असते तर मी हे कधीच केलं नसतं.

होडी बुडाल्याबरोबर मार्गरेट पाण्यात उभ्या राहून जे हसल्या, ते बघून काठावरच्या त्यांच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणाली की नवरा गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. खुळखुळा कुणी कुणाला दिला, मला सांगता येणार नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र चार वेळा लिहून फाडलं, ते. हॉस्पिटलने मला कायमची नोकरी देऊ केली आहे. तीस सप्टेंबरपर्यंत हो-नाही कळवायचंय. मार्चमध्ये विचारलं असतं तर मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नसतं. आता मला राहावंसं वाटतंय. पण आई गेल्यावर माझं सगळं तुमच्या घरात झालं. मामीने खोली रंगवलीय. तुमच्या वयाला मी तिथे असायला हवी, हेही कळतं. तू म्हणालास ये, तर मी येईन आणि तोंड वाकडं करणार नाही. फक्त खरं काय वाटतं ते सांग. पूर्ण सांग.

राग आहे तेवढा राहू दे, पण उत्तर थांबवू नकोस.

तुझीच,
सुरुची

*

॥ श्री ॥

दादर
८ सप्टेंबर २०२४

चि. सुरुचीस वीरूमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिले चार दिवस मी ते रोज वाचत होतो आणि रोज वेगळं उत्तर सुचत होतं.

काल गणपती बसले. गुणाजी त्याच्या मंडळाचा प्रसाद घेऊन आला आणि या वेळी दारातून हलेना. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला की साहेब, तुम्ही काढलेल्या मार्गावर आम्ही गाडी कधीच जशीच्या तशी नेली नाही. कुठे खोदलेलं असायचं, कुठे वरात. आम्ही वळवून न्यायचो आणि प्रवासी पोचायचे. ते पोचले की तुमचा मार्ग बरोबर, एवढंच आम्हाला कळायचं. चौतीस वर्षांत हे मला एकाही ड्रायव्हरने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हेही खरं.

तू पूर्ण सांग म्हणालीस, म्हणून सांगतो. तू यावंस असं मला वाटतं. फार वाटतं. कॅलेंडरवर मी सप्टेंबरचा महिना वरच्या पानावर आधीच आणून ठेवला होता, त्यामुळे दोन महिने घरातल्या सगळ्यांच्या तारखा चुकल्या. दूधवाल्याशी भांडण झालं. हे मार्ग मी आखले ते तुझे उरलेले महिने बरे जावेत आणि तू इकडे हसत यावीस म्हणून. ते इतके बरे जातील हे माझ्या हिशेबात नव्हतं.

पण तू बटाट्याचा भाव विचारायचीस, ते वाचल्यापासून मला चैन नाही. आमच्यासाठी तू परत यावंस आणि इथे आमच्याशी छान छान म्हणून बोलत राहावंस, हे मला चालणार नाही. सही कर. तीसची वाट बघू नकोस, हे पत्र मिळेल त्याच दिवशी कर. वाईट वाटेल ते आमचं आम्ही बघू. लपवाछपवी या घरात बंद झाली आहे, म्हणून तेही तुला कळवलं.

तुझ्या मामीचा आणि माझा पासपोर्टचा अर्ज भरला आहे. हितेंद्रने भरून दिला, मेघनाचा नवरा. ‘प्रवासाचं कारण’ असं काही त्यात विचारलेलं नाही, नाहीतर मी पाहणी दौरा लिहिणार होतो. व्हिसा मिळाला तर मे महिन्यात येऊ. मार्गरेटबाईंना मी स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. त्यांच्याकडे तीनचाकी सायकल आहे, ती माझ्यासारख्या माणसाला पेलवते, असं त्यांनी कळवलं होतं. मी होकार दिला. सपाट रस्त्यावरूनच जाऊ. दोन तास लागले तरी चालतील. होडीत मी बसणार नाही.

लोभ आहे. आता तो सातासमुद्रापलीकडे कायमचा धाडतोय, जपून वापर.

तुझा,
वीरूमामा

ता. क. पत्र लिहून झाल्यावर हे उठले आणि बॅग कुठे आहे म्हणून विचारलं. मे महिन्याला अजून आठ महिने आहेत म्हटलं, तरी कपाटावरून काढलीच. मग तिच्यात तोंड घालून बराच वेळ उभे होते. धूळ फार आहे म्हणाले, डोळ्यांत जाते. बॅग मी मागच्याच आठवड्यात पुसून ठेवली होती. मी फडकं आणून हातात दिलं आणि स्वयंपाकघरात आले. इथे मलाही धूळ लागली. तू सही कर, सुरुची. – मामी